पाटाएवढ्या उंचीची गाडी

मंगळ. ४ नोव्हें.
जयवंत आज तिसऱ्यांदा शोरूमला जाऊन आला. हातात काय, तर किल्लीची रिकामी साखळी आणि रंगांचं कार्ड. घोड्याचा पत्ता नाही, लगाम घरी आला. कार्डावर लाल रंगाचे बरेच प्रकार, मला सगळे लालच दिसले. "हा बग, हा जरा जळता हाय," म्हणाला. जळता लाल! जन्मभर प्लांटमध्ये करड्या डांगरीत वावरलेला माणूस.

(चारचौघांत मी त्यांना 'अहो' म्हणते. इथे जयवंत. इथे माझं राज्य.)

गाडी दोन दारांची, दोन सीटची, बसकी. स्पोर्ट्स कार. रिटायर झाल्यापासून हेच डोक्यात. म्हणतो, "आपण दोगंच हाय. दोगांना दोन शिटा. तिसऱ्याचा प्रश्नच नाय." तिसरा म्हणजे आमची आळी. आमची सात सीटची 'मोठी' ही केळव्यातली धर्मशाळा आहे. कुणाला पालघरला दवाखान्यात न्या, कुणाचा गणपती आणा, कुणाची सासू स्टेशनवर सोडा. नाही म्हणायची जीभ ह्या माणसाला देवाने दिली नाही, म्हणून आता एवढे पैसे ओतून नाही म्हणणारी गाडी विकत घेतोय.

"मी येऊ का बघायला?" विचारलं.
"तू डिलिव्हरीला ये ना. आरतीचं ताट घेऊन."
पसंती पुरुषांनी करायची, कुंकू बायकांनी लावायचं. आमच्याकडे पंपापासून फ्रीजपर्यंत सगळं असंच घरात आलं. तरी बरं, फ्रीजला पाय दुमडून बसावं लागत नाही.

बुध. ५
शोरूमचा फोन. जयवंतला फोन कानाला लावून बोलता येत नाही, सगळ्या वाडीला ऐकवतो. पलीकडे निखिल म्हणून सेल्सवाला, विरारचा. आवाज असा की भिंतीवर टाकला तर घसरत खाली येईल. मी त्याचं नाव गुळगुळीत ठेवलंय.

"सर, तुम्ही आमच्या फॅमिलीसारखे. तुमच्यासाठी मी मॅनेजर सरांशी भांडतो. एक मिनिट होल्ड करा हां."

मग पेटीचं गाणं. मग, "सर, खूप भांडलो. मॅट फ्री करून घेतले."

बोईसरला कापडाच्या कंपनीत सगळी नोकरी मी टेलिफोन ऑपरेटर होते. साहेब समोर बसून शेंगदाणे खात असायचे आणि मी पार्टीला सांगायचे, साहेब मीटिंगमध्ये आहेत, होल्ड करा. होल्डच्या पलीकडे कुणी नसतं. हे मला जेवढं माहीत आहे तेवढं त्या गुळगुळीतच्या बापालाही माहीत नसेल. जयवंतला सांगितलं. तर म्हणतो, "तुला सगळी दुनिया खोटी दिसते. पोरगा भांडला माज्यासाठी."

पायपुसणी मिळवून माणूस गड जिंकल्यासारखा जेवला.

शुक्र. ७
आज दिगंबरभाऊजी सोबत गेले. हे जयवंतचे चुलतभाऊ, आळीतले सौदेबाजीचे सम्राट. कुणाचा पंप, कुणाचा बैल, कुणाची सोयरीक, ह्यांच्याशिवाय ठरत नाही. पांढरी पँट घालून निघाले. "वहिनी, बघा तुमी. घाम फोडतो त्यांना."

संध्याकाळी आले. घाम कुणाला फुटला ते शर्टावर दिसत होतं. तिथे जाऊन भाऊजींनी काय केलं, तर गाडी बघून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अरे वा! हिच्यासारखी गाडी नाय!" झालं. घ्यायच्या मालाची तोंडभर स्तुती करून मग भाव पाडायला बसले. शीतपेय प्याले, ढोकळा खाल्ला, आणि येताना जादा पैशांचं कोटिंग कबूल करून आले. केळव्याची हवा खारी, पत्रा खाते, म्हणून. ती माहिती गुळगुळीतला कुणी पुरवली? भाऊजींनीच. हात दाखवून अवलक्षण.

"पण गाडी एक नंबर हाय," भाऊजी जाताना म्हणाले. आम्हाला तीही बातमी नवी नव्हती.

शनि. ८
पालघरला जाऊन आले. घरी सांगितलं, ब्लाउज शिवायला टाकायचेत.

डॉ. म्हणाले, उजवा गुडघा संपत आलाय. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, बुटक्या खुर्चीत बसायचं नाही. ऑपरेशनचं पुढे बघू. मी म्हटलं, बरं. गुडघ्याचे एक्स-रे फोटो पिशवीत ब्लाउजपीसांच्या खाली ठेवले.

जयवंतला एवढंच माहीत आहे की थंडीत माझा गुडघा कुरकुरतो. तेवढंच पुरे आहे. ह्या घरात कुणाचं काही दुखलं की आधी आळी जमते, मग तेल येतं, मग दिगंबरभाऊजी वैद्य होतात. त्यापेक्षा दुखलेलं बरं.

दुपारी जयवंत सुपाऱ्या वाळत घालायला वाडीत गेला तेव्हा गाडीचं पुस्तक काढून बसले. गुळगुळीत कागद, आत एक गोरी बाई गाडीतून उतरतेय, पाय जमिनीवर, गुडघा हनुवटीला. सीट किती उंच ते लिहिलं होतं. शिवणाच्या टेपने मागच्या दारात मोजलं. आमच्या जेवणाच्या पाटाहून जेमतेम चार बोटं वर. म्हणजे हा मनुष्य चाकं लावलेला पाट विकत घेतोय, आणि वर म्हणतोय दोघांना दोन.

पाट ठेवून बसून बघितलं. बसले. बसणं म्हणजे पडणंच. मग उठता येईना. दाराची चौकट धरली, सटकली. शेवटी सुपारीच्या पोत्याला मिठी मारून वर आले. कोंबड्या बघत होत्या. त्यांच्याही डोळ्यांत मला कीव दिसली, किंवा दाणे.

रवि. ९
शनिवार-रविवार आमच्या गावावर मुंबईची धाड असते. आज एकाची बसकी पिवळी गाडी आमच्याच दारासमोरच्या गतिरोधकावर पोटावर बसली. खर्रर्र असा आवाज, की मला वाटलं नारळ सोलायचं यंत्र कुणी दगडावर चालवलं. आतून गॉगल उतरला. "इथे बोर्ड का नाही लावत तुम्ही लोक?" तुम्ही लोक! शहाळं प्यायला तेवढे आम्ही गोड.

जयवंत धावला. नारळीच्या फळ्या आणल्या, चाकाखाली घातल्या, आळीच्या चौघांनी ढकलली. गॉगल आभार न मानता गेला. जयवंत मात्र हात पुसत, खुशीत. "तिरकी घ्यायला पायजे होती त्याने. मी तिरकी घेईन."

बोईसरपर्यंत गतिरोधक किती आहेत ते देवालाही मोजता येणार नाहीत. हा म्हातारा खेकड्यासारखा तिरका तिरका जाणार.

मंगळ. ११
बातमी फुटली. दिगंबरभाऊजींच्या पोटात पाणीही टिकत नाही, गाडी काय टिकणार.

सकाळी पुष्पावहिनी आल्या, समोरच्या. दूध द्यायचं निमित्त. "जयवंतभाऊ, लाल गाडी येते म्हणतात. तुळशीचं लगीन झालं, आता आमच्या मंगेशचं हाय. नवरदेव त्याच गाडीतून येल हां. नाय म्हणू नका."

दुपारपर्यंत आणखी दोन घरांनी आपापले नवरदेव नोंदवले. संध्याकाळी दिगंबरभाऊजी ओटीवर बसून घोळ घालत होते. सीट दोन. नवरा आणि चालवणारा. मग येताना नवरी कुठे? नवरी बसली तर चालवणार कोण? "मंगेशला शिकवू चालवायला," असं ठरलं. म्हणजे मालक वरातीत पायी. गाडीचा रंग ठरला नाही, भाव ठरला नाही, आणि हिच्या बॉनेटवर फुलं कुठली ह्यावरून पुष्पावहिनी आणि भाऊजींचं वाजलंसुद्धा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

ज्या आळीपासून पळायला दोन सीटची गाडी, ती आळी आधीच आत चढून बसली. मला वाटलं आता तरी ह्याचे डोळे उघडतील. हा हसतोय! "बग, उपयोगाची हाय ना गाडी?"

चहा टाकला, पुष्पावहिनींच्याच दुधाचा.

गुरु. १३
'मोठी' बघायला शोरूमचा माणूस आला. तिला एक्स्चेंजमध्ये घेतली तरच नवीचा भाव जमतो म्हणे. खिशात टॉर्च, हातात फोन, तोंडात मसाला. सगळीकडे वास घेत हिंडला. मधली सीट उचलली, तिच्याखाली सुपाऱ्या, तांदूळ, एक बाळाचा मोजा, कुणाच्या तरी साखरपुड्यातलं फूल.

"अंकल, गाडी फॅमिली में बहुत चली है।"
मग काय शेजाऱ्यांच्या गोठ्यात चालवायची होती?

त्याने भाव सांगितला. जयवंतचा चेहरा पडला. तेवढ्यात मला दुपारच्या गोळीसाठी पिशवी काढायची होती, म्हणून 'मोठी'त चढले. पुढच्या दाराच्या वर आत एक मूठ आहे. डाव्या हाताने ती धरायची, पाय फळीवर, आणि अंग वर ओढायचं. सीट माझ्या कमरेएवढी, बसायचं म्हणजे नुसतं मागे सरकायचं. गेली दोन वर्षं मी ह्या मुठीच्या जोरावर पालघर गाठतेय, हे आज त्या मसालेवाल्यासमोर कळलं. नव्या गाडीच्या पुस्तकात सगळी पानं बघितली. मूठ कुठेच नाही. वेगाची माणसं कशाला धरतील मूठ.

'मोठी' गेली की ह्या घरात माझ्यासाठी गाडी नाही. एवढी साधी गोष्ट आहे. सांगायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. सांगितलं तर गाडी रद्द. ती माझ्या गुडघ्यामुळे रद्द. मग जन्मभर हा काही बोलणार नाही, आणि ते न बोललेलं मी रोज ऐकणार. नाही सांगितलं तर त्या दुसऱ्या सीटवर दिगंबरभाऊजी. पांढरी पँट घालून.

शनि. १५
आज जयवंतशी भांडले. कारण कोथिंबीर.

खरं कारण वेगळं. दुपारी जेवताना विचारलं, "गाडी आली की पहिल्यांदा कुठे जाणार?" मला वाटलं देवीला म्हणेल, नाहीतर मुंबई, नाहीतर हायवेला हवा खायला. तर म्हणाला, "बोईसर नाक्याला. दुपारची शिफ्ट सुटते तेवा."

"तिथे काय ठेवलंय?"

"काय नाय. तू उभी असायची ना तिथे."

असायचे. माझी ड्यूटी सुटायची, मी नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी. त्याच वेळी प्लांटची बस यायची. जयवंत खिडकीत. कंपनीची बस, बाहेरच्या माणसाला घेत नाहीत, आतल्या कामगाराची बायको असली तरी. तो हात करायचा. मी पदर सावरायचे. पावसात छत्री उलटी झालेली असायची, उन्हात डोक्यावर पिशवी. बस निघून जायची. दोघांनाही यायचं एकाच घरी. तो आधी पोचायचा आणि चहा टाकून ठेवायचा. इतकी वर्षं रोज. आम्ही त्याचं कधी काही केलं नाही, हसायचोसुद्धा.

"अर्दी बस रिकामी असायची," म्हणाला. "बाजूच्या शिटवर डबा ठेवून बसायचो मी. दुसरा कोण बसायला नको म्हणून. आता बाजूची शीट माजी. नाक्यावर थांबवणार, तुला आत घेणार, आणि समद्यांच्या पुढून येणार."

ह्या माणसाने इतकी वर्षं डबा ठेवून माझी जागा धरली आणि मला सांगितलंसुद्धा नाही. मूर्ख. महामूर्ख. मला इतका राग आला, की रडू येईल असं वाटलं. म्हणून कोथिंबिरीवरून भांडले. म्हटलं, जुडी निवडूनही आणता येत नाही, गाड्या घ्यायला निघालेत. त्याने मुकाट्याने पिवळी पानं खुडली.

सोम. १७
गुळगुळीतचा फोन. भाव 'ऑलमोस्ट' जमला. कोटिंग निम्म्यात, मॅट फुकट, 'मोठी'ला थोडं वाढवून. "सर, शनिवारी या, जुन्या गाडीचे पेपर घेऊन. मॅडमना पण आणा. मॅडमच्या हस्ते नारळ, आणि कपल फोटो. आमच्या भिंतीवर लावतो."

कपल फोटो. पुठ्ठ्याची मोठी किल्ली धरून उभी राहिलेली कपलं मी फोनवर बघितली आहेत. सगळ्या नवऱ्यांचं पोट आत, सगळ्या बायकांचे डोळे मिटलेले.

जयवंतने लगेच आळीला सांगितलं. पुष्पावहिनी म्हणाल्या, हिरवी पैठणी नेस. पैठणी नेसून पाटावर पडणार मी.

बुध. १९
जयवंत वाडीत. मी स्वतः शोरूमला फोन लावला. नोकरीतला आवाज काढला. निखिलच आला. केळव्याहून बोलतेय, एवढंच सांगितलं.

विचारलं, सीट वर-खाली होते का. "मॅडम, स्पोर्टी सीटिंग आहे, रोडला चिकटून, फील वेगळाच." विचारलं, गुडघ्याचा त्रास असलेलं माणूस बसू-उठू शकेल का. "एक मिनिट, होल्ड करा हां."

आणि ह्या दिवट्याने होल्डचं बटणच दाबलं नाही. सगळं ऐकू येत होतं. "अरे, केळव्याची कोणी आजी आहे. रेसिंगची गाडी आणि हिला गुडघे. आजोबांनी नर्स पण मागितली तर ॲक्सेसरीत टाकू." हसले. मॅनेजर तिथे नव्हताच, हे वेगळं सांगायला नको. मग परत गोड होऊन, "मॅडम, मॅनेजर सर म्हणाले काहीच प्रॉब्लेम नाही."

"होल्ड दाबायचा राहिला, बाळा," मी म्हटलं. "चांदणीचं बटण असेल, बघ." आणि ठेवला.

नाव सांगितलं नाही. पण शनिवारी आवाज ओळखेल. न ओळखला तर तोही धंदा ह्याला येत नाही.

शुक्र. २१
उद्या. जयवंतने 'मोठी' धुतली. आतलं सगळं काढून ओटीवर मांडलं: छत्र्या, चादर, तो मोजा, माझी गोळ्यांची पिशवी. पिशवी हातात घेऊन म्हणाला, "ह्या एवड्या गोळ्या कसल्या?"
"कॅल्शियम."
सांगायची ही वेळ होती. नाही सांगितलं.

शनि. २२
लिहायला खूप आहे.

गेलो तिघं, दिगंबरभाऊजी शेपटासारखे मागे. हिरवी पैठणी नेसले नाही, साधी सुती नेसले. काचेचं शोरूम, आत बर्फासारखी थंडी, आणि मधोमध ती. लाल. जळती. खोटं कशाला, देखणी आहे. मेल्याची नजर चांगली आहे.

निखिल आला. "या मॅडम." मी म्हटलं, "आले. होल्ड सापडला का?" त्याच्या तोंडावरचं तेल एकदम सुकलं. जयवंतला काही कळलं नाही. चला, कुणाला तरी घाम फुटला.

नारळ वाढवला, कुंकू लावलं. मग निखिल म्हणाला, "मॅडम बसा ना आत, फोटोला." जयवंतने दार उघडून धरलं. हात असा पुढे केला होता, नाटकात राजा करतो तसा. त्याचे डोळे बघितले आणि नाही म्हणवेना. पाठ फिरवली, दाराची कड धरली, देवाचं नाव घेतलं आणि सोडून दिलं. धप्. आत. पाय एकेक करून हाताने उचलून आत घेतले. सीट मात्र आईच्या मांडीसारखी. खरं सांगते, उठावंसं वाटेना.

फोटो झाला. "आता उतरा मॅडम."

उतरता येईना. एकदा जोर केला. परत केला. गुडघ्यातून अशी कळ गेली, की तोंडातून आवाज आला. दिगंबरभाऊजी सूचना देऊ लागले, "वहिनी, आदी डावा! नाय, उजवा! कमरेतून वळा!" उंटावरून शेळ्या हाकण्यापलीकडे ह्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नाही. दोन सेल्सवाले माझ्या काखेत हात घालायला वाकले. मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार. सगळं शोरूम गोळा झालं. एका बाईने फोन काढला व्हिडिओ घ्यायला. तिच्याकडे असं बघितलं की तिने तो पर्समध्ये टाकून चेन लावली.

जयवंत खाली बसला, दाराशी, उकिडवा. "काय झालं?"

"गुडगा गेलाय माजा," मी सांगितलं. "दोन वरसं झाली. फोटो काडलेत. ही गाडी माज्यासाटी नाय. 'मोठी' गेली तर मी घरातच."

सगळ्यांच्या देखत. हवं तेव्हा सांगितलं नाही आणि सांगितलं ते कुठे, तर ढोकळा खाणाऱ्यांच्या घोळक्यात.

जयवंत मग उठला आणि निखिलला म्हणाला, "नको गाडी. रद्द करा." असं सहज, जसं काही कोथिंबीर परत करतोय. आणि मला जे सगळ्यात नको होतं नेमकं तेच झालं म्हणून माझं डोकं फिरलं.

"मॅनेजरला बोलवा," मी म्हटलं.
"मॅडम, सर मीटिंगमध्ये—"
"मला नको सांगू मीटिंग. मी इथून हलत नाय. तुमची गाडी, तुमचं शोरूम, आणि मी आत. गिऱ्हाइकं येतील ती मला बघतील."

आला. आहे खरंच मॅनेजर. घट्ट पँट, अणकुचीदार बूट. उभ्याने बोलायला लागला तर मला त्याचा पट्टाच दिसत होता. म्हटलं, खाली बसा, माझ्या मानेला त्रास होतो. बसावं लागलं. उकिडवं. एवढ्या दिवसांचा तो होल्डच्या पलीकडचा साहेब माझ्या पायाशी लाल होत बसला, आणि मला फार बरं वाटलं. देव क्षमा करो, न केली तरी चालेल.

म्हटलं, 'मोठी' देणार नाही. ती आमच्याकडेच राहील. एक्स्चेंजचा म्हणून नवीचा जो भाव पाडलात तोच भाव द्या, एक्स्चेंजशिवाय. कोटिंग नको, खारी हवा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातोय, गाडीही खाईल. आणि इथे, दाराच्या वर, मूठ बसवून द्या. भक्कम. माझं वजन पेलणारी.

"मॅडम, ह्या मॉडेलला ग्रॅब हँडल येत नाही. कंपनी अलाऊ करत नाही."
"मग कंपनीला विचारा."
"विचारून सांगतो."
"कुणाला विचारणार? तुमच्या वर कोण आहे ते मला दाखवा. मी बसले आहे."

त्याला उठायचं होतं. उठताना त्याचे दोन्ही गुडघे कटकन् वाजले. मी म्हटलं, डॉक्टरांचा नंबर देऊ का.

तो गेला फोन घेऊन काचेच्या खोलीत. लोक पांगले. तेवढ्यात जयवंत पलीकडून आला, ड्रायव्हरच्या बाजूने. आत बसला, दार ओढून घेतलं. काय दार आहे! सगळे आवाज एकदम बंद. भाऊजी काचेच्या बाहेर तोंड हलवत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा इतके बरे दिसले.

दोघंच. गाडीत पेट्रोल नाही, चाकांना लाकडाचे ठोकळे. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले.

"सांगायचं ना," म्हणाला.
"डबा ठेवायचास ते तू सांगितलंस?"

समोर काचेपलीकडे हायवे, ट्रक जात होते. तिकडे बघत म्हणाला, "नाका आला." मी पदर सावरला. सवयीने.

बाहेर कसं काढलं ते थोडक्यात. त्याने बूट काढून जमिनीवर बैठक मारली, माझे पाय आपल्या मांडीवर घेतले, आणि मला आपल्या खांद्यावर रेलून उभं केलं. त्याच्या नव्या शर्टावर माझ्या चपलेची माती. भिंतीवर लावायचा तर तो फोटो लावा म्हणावं.

मॅनेजर म्हणाला, सोमवारी कळवतो. आम्ही 'मोठी'तून आलो. मूठ धरून चढले.

रवि. २३
आळी जमली. तेल आलं. पुष्पावहिनींनी तर मंगेशच्या लग्नासाठी दुसरी गाडी बघायला घेतली, पांढरी. गेले की सगळे! इतकं सोपं होतं त्यांना घालवणं. एक गुडघा पुरला.

जयवंतने रंगांचं कार्ड फळीवर उपडं ठेवलंय. टाकलेलं नाही. विचारलं, "हवीय का अजून?" तर म्हणाला, "तुला काय वाटते?" ह्या माणसाकडून सरळ उत्तर काढण्यापेक्षा मॅनेजरकडून सूट काढणं सोपं.

सोम. २४
फोन आला. जयवंतने नेहमीसारखा वाडीभर लावला. निखिल. गुळगुळीतपणा निम्म्यावर. "मॅडम आहेत ना? एक्स्चेंजशिवाय बघतोय आम्ही. मुठीचं विचारतोय. मॅनेजर सर लाइनवर येतात, होल्ड करा हां, प्लीज."

पेटीचं गाणं. ह्या वेळी बटण बरोबर दाबलंन्.

जयवंतला मी खुणेने सांगितलं, ठेव, पलीकडे कुणी नसतं. त्याने ठेवला नाही. फोन खिडकीत उभा करून आत गेला आणि पाट घेऊन आला. मागच्या दारात ठेवला. चौकटीवर कधी कोण जाणे त्याने एक मूठ ठोकलीय, 'मोठी'च्या मागच्या दाराची काढलेली. ओढून बघितली, हलत नाही.

"ते विचारतात तवर एकदा बसून बग," म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलंय, खाली बसायचं नाही. जयवंतलाही तेच सांगितलं. तो पलीकडे जमिनीवरच बसलाय, ड्रायव्हरच्या बाजूला, हात गुडघ्यावर, आणि कोंबड्या बघताहेत.

बसले. हे पाटावरूनच लिहितेय. गाणं अजून चालू आहे. उठायचं राहिलंय.